घरच्या घरी उलांडीची होडी : दोन प्लाय, एक पाइप आणि थोडं गणित

दिवा : पावसाळा सरला की खाडीकाठची पोरं ड्रम आणि थर्माकोल बांधून पाण्यात उतरतात. तराफा मधेच कलंडतो आणि मग धावपळ. ओरडून पोरं थांबत नाहीत, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा नीट होडी कशी होते ते सांगितलेलं बरं.

दिव्यात राहणाऱ्या कितीतरी घरांचं गाव तळकोकणात. दिवा-सावंतवाडी गाडीने कुडाळला उतरून एसटीने मालवण गाठलं की किनाऱ्यावर एका बाजूला लांब ओंडका जोडलेल्या होड्या दिसतात. तो ओंडका म्हणजे उलांडी. रापण लावताना अशीच होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरची माणसं ओढतात. पूर्वी होडी अखंड लाकूड कोरून करायचे, वरच्या फळ्या काथ्याने शिवायचे. आता बऱ्याच होड्या फायबरच्या झाल्या, पण उलांडी सुटली नाही. आपल्या खाडीत ती का नाही? चिखल आणि खारफुटीत बाजूला निघालेला ओंडका अडकणार, आणि लाट फारशी नाही, म्हणून इथे रुंद बुडाची होडी सोयीची. असं आपलं माझं मत.

उलांडी करते काय, ते समजलं की अर्धं काम झालं. नुसती अरुंद होडी पटकन उलटते. तिच्यापासून 7 फूट लांब तरंगता ओंडका बांधला की तराजूच्या लांब दांडीसारखा परिणाम होतो. 60 किलोचा माणूस उलांडीकडे फूटभर सरकला, तर 7 फुटांवर त्याचा भार पडतो जेमतेम 9 किलो. तेवढा ती सहज पेलते. गडबड उलट बाजूला आहे. उलांडी 10 किलोची असेल आणि तोच माणूस पलीकडच्या बाजूला सव्वा फूट सरकला, तर उलांडी पाण्यातून वर उठते, आणि एकदा उठली की होडी पालथी व्हायला वेळ लागत नाही. काठ्यांचं वजन थोडी मदत करतं, पण त्यावर विसंबू नका. उलांडीच्या उलट बाजूला कधी वाकायचं नाही, हे पोरांना आधी शिकवा.

आता होडी. 8 बाय 4 फुटांचे 6 मिलिमीटर जाडीचे दोन मरीन प्लाय घ्या. त्यावर आयएस 710 असा शिक्का हवा. साधा कमर्शियल प्लाय एका हंगामात सुटतो. प्रत्येक शीट लांबीत 16 इंचांच्या तीन पट्ट्यांत कापा. सहा पट्ट्या होतात. दोन-दोन टोकाला टोक जोडून जवळपास 16 फुटांच्या तीन लांब पट्ट्या मिळतात: दोन बाजू, एक बूड. कडेने बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवा, सांध्यात इपॉक्सी भरा, वरून फायबरची पट्टी चिकटवा. परदेशात ही पद्धत नवी म्हणून शिकवतात. आपले आजोबा काथ्याने हेच करत होते! पुढे-मागे दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे हवेतच, त्यासाठी तिसरं शीट लागेल. ही होडी अर्धा फूट बुडाली की साधारण 200 किलो पेलते. त्यात होडीचं स्वतःचं वजनही आलं, म्हणून माणसं दोनच.

उलांडीला गावी पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरतात. इथे पीव्हीसी पाइप चालतो. 4 इंची पाइप मीटरला साडेनऊ लिटर जागा व्यापतो, 6 इंची 20 लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो उचल. म्हणजे 6 इंची 3 मीटर पाइप 60 किलो पेलेल, त्यातून पाइपचं वजन वजा करा. दोन्ही टोकांना टोपण सोल्युशनने पक्कं लावा आणि पाइप बादलीभर पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते बघा.

जोडायला दोन काठ्या. गावाहून माणगा बांबू आणता आला तर उत्तम, तो जवळपास भरीव असतो. खारफुटी मात्र तोडायची नाही, तो गुन्हा आहे. बांबूला नटबोल्ट मारू नका, भोकापाशीच तो फाटतो. दोरीने किंवा जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा. लाटेला बांधणी थोडी हलली पाहिजे.

शीड 35-40 चौरस फूट पुरे, ताडपत्रीचंही चालतं. डोलकाठी काढता-घालता यावी, कारण पूल आहेत आणि काठावर विजेच्या ताराही. शिडाची दोरी कायम हातात ठेवायची, बांधायची नाही. झोत आला की सोडून द्यायची. वल्हं बरोबर हवंच.

पाण्यात नेण्याआधी नोंदणी आणि परवानगीचं जवळच्या बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात विचारून घ्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीत जाऊ नका, ओहोटीची ओढ होडीला थेट पुलाच्या खांबांवर नेईल आणि उलांडी तिथे अडकली की सुटत नाही. सुरुवात भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती संपत आली असताना करा.

आणि पहिली चाचणी खाडीत नकोच. कमरेएवढ्या स्वच्छ पाण्याच्या तळ्यात, काठावर चार माणसं उभी करून, होडी मुद्दाम उलटी करा. मग ती दोघांना सरळ करता येते का, पाणी उपसून परत आत बसता येतं का, ते बघा. नाही जमलं तर कप्पे कमी पडतायत; ते वाढवून पुन्हा उलटी करा.