पाळीव प्राण्याचा अखेरचा दिवस : बजबजच्या घटनेने पुढे आणलेला प्रश्न

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या काठी वसलेले बजबज हे दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील औद्योगिक नगर आहे. तागाच्या गिरण्या आणि खनिज तेलाचे साठे ही त्याची जुनी ओळख. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाजातून परतलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला तो येथेच. एप्रिल २०१८ मध्ये मात्र हे नाव देशभर पोहोचले ते अगदी वेगळ्या कारणाने. तेथील कचराक्षेत्रात टाकलेल्या मृत जनावरांचे मांस टॅक्सीत भरले जात असल्याचे स्थानिक रहिवाशांनी उघडकीस आणले. पोलिसांचा तपास पुढे कोलकात्यातील राजाबाजार भागातल्या एका शीतगृहापर्यंत गेला आणि सुमारे २० टन मांस जप्त झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. अनेकांना अटक झाली. या मांसात गुराढोरांबरोबर कुत्र्या-मांजरांचेही मांस असावे, या संशयाने महानगरातील उपाहारगृहे काही काळ ओस पडली.

मृत जनावरे टाकण्याच्या जागेला बंगालीत ‘भागाड’ म्हणतात. त्या प्रकरणाची चर्चा स्वाभाविकपणे अन्नातील भेसळ आणि गुन्हेगारी यांभोवतीच फिरली. परंतु त्यात एक घरगुती प्रश्नही दडलेला होता. कुत्री-मांजरे अशा जागेवर येतात कोठून? काही रस्त्यावरची असतात, तर काही घरांत वाढलेली असतात. प्राण्याला काय खाऊ घालावे, कोणत्या लसी द्याव्यात, याची माहिती पालक उत्साहाने मिळवतात. तो मेल्यावर काय करायचे याचा विचार मात्र बहुधा त्या दिवशीच सुरू होतो. मग रात्रीच्या वेळी एखादे पोते कचराकुंडीशी ठेवले जाते.

या अखेरच्या टप्प्याची चाहूल प्राण्याच्या वागण्यातूनच लागते, पण ती ओळखावी लागते. आजारपण लपवणे हा मांजराचा स्वभावधर्म आहे. एरवी मांडीवर येऊन बसणारे मांजर पलंगाखाली वा कपाटामागे जाऊन बसू लागले, अंग चाटून स्वच्छ करणे त्याने सोडून दिले, केसांच्या गुठळ्या दिसू लागल्या, तर ते ‘रुसले आहे’ असे समजू नये. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. विशेषतः लठ्ठ मांजराच्या बाबतीत. बोका वारंवार लघवीला बसत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर सकाळची वाट पाहण्याइतकाही अवधी नसतो.

कुत्र्याचे दुखणे त्या मानाने लवकर नजरेस येते. मोठ्या जातींच्या कुत्र्यांना सातव्या-आठव्या वर्षापासूनच वार्धक्य गाठू लागते. लहान जातींना काही वर्षे उशिरा. जिना चढताना थबकणे, रात्री उगाच येरझाऱ्या घालणे, कोपऱ्यात जाऊन अडकल्यासारखे उभे राहणे, शिकवलेली शिस्त विसरून घरात लघवी करणे ही म्हातारपणी मेंदूची शक्ती क्षीण होत असल्याची लक्षणे असू शकतात. त्यासाठी रागावण्यात काहीच अर्थ नाही. घरच्या घरी करता येईल अशी एक साधी तपासणी श्वासाची आहे. गाढ झोपेतील कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० हून अधिक भरत असतील आणि असे वारंवार आढळत असेल, तर हृदय वा फुफ्फुसे तपासून घ्यावीत. हिरड्या फिकट किंवा निळसर दिसल्यास तातडीने पशुवैद्य गाठावा. वेदना कमी व्हाव्यात म्हणून घरातील माणसांच्या गोळ्या मात्र कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे, तर आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते.

उपचारांचा उपयोग संपला आणि यातनाच उरल्या, तर दयामरणाचा पर्याय पशुवैद्याशी बोलून ठरवता येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही त्यास वाव आहे. यासाठी भुलीच्या औषधाची मोठी मात्रा टोचली जाते आणि प्राणी झोपेतच जातो. येथे एक गोष्ट फारच थोड्या पालकांना सांगितली जाते. पेंटोबार्बिटालसारखे औषध मृतदेहात दीर्घकाळ टिकून राहते. तो देह उघड्यावर टाकला आणि घारींनी, गिधाडांनी किंवा भटक्या कुत्र्यांनी खाल्ला, तर त्यांनाही विषबाधा होते. भागाडावर फेकलेला देह तेथेच संपत नाही, असा याचा अर्थ.

मृत्यू घरीच झाला तर आधी खात्री करून घ्यावी. डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात ठेवून ठोका लागतो का पाहावे. डोळ्याला हलका स्पर्श केल्यावर पापणी लवत नाही हेही पाहावे. त्यानंतर स्नायू क्षणभर थरथरणे किंवा लघवी होणे हे जिवंतपणाचे लक्षण नव्हे. काही तासांत देह ताठर होतो, म्हणून त्यापूर्वीच पाय दुमडून तो सुती चादरीत गुंडाळावा आणि घरातील सर्वांत थंड जागी ठेवावा. मृत्यूपूर्वी प्राणी अकारण चावत असेल, लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल किंवा पाणी गिळता येत नसेल, तर रेबीजचा संशय धरून उघड्या हातांनी स्पर्शच करू नये. पशुवैद्याला कळवावे; निदान मेंदूच्या तपासणीतूनच पक्के होते. ज्यांना चावा वा ओरखडा बसला असेल किंवा ज्यांच्या जखमेला लाळ लागली असेल, त्यांनी ती जागा साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

नागरी कायद्याला हा प्रश्न नवा नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात, जागेत जनावर मेल्यास तीन तासांच्या आत, आणि रात्री मेल्यास सूर्योदयानंतर तीन तासांच्या आत, पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवण्याची जबाबदारी रहिवाशावर टाकलेली आहे. त्या तरतुदीची माहिती किती घरांना असेल, हा भाग वेगळा. सप्टेंबर २०२३ मध्ये मालाड पश्चिमेच्या एव्हरशाईन नगरातील कोंडवाड्यात पाळीव व भटक्या लहान प्राण्यांसाठी नैसर्गिक वायूवर चालणारी दहनवाहिनी पालिकेने सुरू केली आणि सेवा विनामूल्य ठेवली. लहान नगरांत अशी सोय क्वचितच असते. आपल्या गावात काय व्यवस्था आहे, हे प्राणी धडधाकट असतानाच पशुवैद्याला आणि नगरपालिकेला विचारून ठेवणे शहाणपणाचे.

स्वतःची जमीन असल्यास दफन हा सुलभ मार्ग ठरतो. खड्डा किमान तीन ते चार फूट खोल, विहीर वा ओढ्यापासून दूर असावा; देह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये. मीठ किंवा चुना घालण्याची रीत आपल्याकडे आहे, परंतु खोलीची उणीव त्याने भरून निघत नाही. उथळ खड्डा कुत्री एका रात्रीत उकरतात. बजबजसारख्या नदीकाठच्या सखल प्रदेशात किंवा कोकणात भर पावसाळ्यात थोडे खणताच पाणी लागते. तेथे दहनच योग्य.

प्राण्याला सन्मानाने निरोप देणे हे शहरी लाडाचे खूळ आहे, असा आक्षेप कधीकधी ऐकू येतो. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीस, छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरातच त्यांच्या ‘खंड्या’ या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. त्याने वाघापासून महाराजांना वाचवल्याची आख्यायिका आहे.

घरात दुसरा प्राणी असेल तर त्याच्या वागण्यातही फरक पडतो. इटलीतील ४२६ कुत्रापालकांकडून माहिती घेऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोबती गेल्यानंतर उरलेल्या कुत्र्याचे वागणे बदलल्याचे ८६ टक्के पालकांनी नोंदवले होते. खाणे-खेळणे कमी होणे, माणसांच्या मागे मागे फिरणे, असे ते बदल होते. पालकांचे स्वतःचे दुःख त्या निरीक्षणांत मिसळलेले असणार, हेही खरे. अशा वेळी जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा आहेत तशाच ठेवाव्यात. भूक मेल्यासारखी राहिली तर केवळ शोक समजून न थांबता तपासणी करावी. गेलेला कुत्रा पार्व्होने दगावला असेल, तर त्याचे विषाणू घरात आणि अंगणाच्या मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतात. फरशी व भांडी ब्लीचच्या द्रावणाने धुता येतात, मातीचे तसे करता येत नाही. त्यामुळे नवे पिल्लू त्या घरात आणायचे ते त्याच्या लसींच्या सर्व मात्रा पूर्ण झाल्यानंतरच.