तंबाखूचा बार आणि रक्तातली चरबी

रक्तात चरबी कमी निघाली की गडी खूष! पण तंबाखूचा बार भरणाऱ्याने एवढ्यावर हुरळू नये. गालाच्या आत पांढरा चट्टा असलेल्या किंवा सुपारी-खर्ऱ्याने तोंड आखडलेल्या रुग्णांत कोलेस्टेरॉल निरोगी माणसांपेक्षा कमी असल्याचे देशातल्या काही पाहण्यांत आढळले आहे. भराभर वाढणाऱ्या पेशी आपले आवरण बांधायला ही चरबी ओढून घेतात, असा डॉक्टरांचा कयास. मात्र रक्त तपासून चट्टा कळत नाही, तोंडच बघावे लागते. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली. चुना-तंबाखूची डबी खिशातच राहिली. भाजीचे तिखट झोंबते, तीन बोटे उभी तोंडात जात नाहीत, चट्टा पुसून निघत नाही? मग रिपोर्ट कसाही असो, जिल्हा रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा.