एका दिवसाला एक खोरं

आमच्या घरात सहल गावावर ठरत नाही, खोऱ्यावर ठरते. "मागच्या खेपेला वेळवंड झालं, आता गुंजण," असं सासूबाई म्हणाल्या की पाहुण्यांना वाटतं, कुठल्या तरी नातेवाइकांकडे जाण्याबद्दल बोलणं चाललंय. एका अर्थी ते खरंही आहे.

पहिल्यांदा भोर-वेल्ह्याकडे गेलो ते मात्र यादी घेऊन. सकाळी बनेश्वर, मग राजगडाचा पायथा, तोरणा 'निदान खालून', दुपारी भाटघर आणि उन्हं उतरताना रायरेश्वर. नकाशावर ही सगळी ठिकाणं एका तळहाताखाली झाकली जात होती. पण नकाशा डोंगर दाखवत असला तरी ते आडवे येतात हे सांगत नाही. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं तर बहुतेक वेळा खाली फाट्यापर्यंत यायचं आणि पुन्हा नव्यानं वर चढायचं. मार्गासनीच्या पुढच्या वळणांवर लेकीला दोनदा उलटी झाली, भाटघर अंधारात पाहिलं आणि रायरेश्वर राहूनच गेला. भोरच्या पेठेत एका टपरीवर लिंबू-सरबत घेत होतो. आमची चिडचिड ऐकून टपरीवाले आजोबा म्हणाले, "कशाला हो एवढं पळता? एका दिवसाला एकच खोरं बघावं. त्ये बी पुरं होत न्हाई."

घरी येऊन पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, आजोबांचा सल्ला साडेतीनशे वर्षांपेक्षा जुना होता. हा मुलूख कारभारासाठीसुद्धा खोऱ्यांनीच मोजला जात असे. बारा मावळं म्हणतो ती हीच. सह्याद्रीचा कणा पश्चिमेला, त्यातून बोटांसारख्या पूर्वेकडे निघालेल्या डोंगररांगा आणि दर दोन बोटांच्या मधे एक नदी. नीरेचं हिरडस मावळ, वेळवंडीचं वेळवंड खोरं, गुंजवणीचं गुंजण मावळ, कानंदीचं कानद खोरं, मोसे नदीचं मोसे खोरं आणि रोहिडा किल्ल्यावरून नाव पडलेलं रोहिडखोरं. खोऱ्याला देशमुख वेगळा, मान वेगळा, भांडणंही वेगळी. रोहिडखोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल. शेजारच्या खोऱ्याशी सोयरीक करायची तर खिंड ओलांडावी लागे. आमच्या गाडीलाही तेच करावं लागलं होतं, एवढंच.

तेव्हापासून आम्ही आजोबांचं ऐकतो.

वेळवंडपासून सुरुवात केली, कारण तिथे चढायचं काही नाही आणि सासूबाईंचे गुडघे. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोरच्या अलीकडेच भाटघरची भिंत दिसते. या जागी पहिलं धरण एकोणिसाव्या शतकातच बांधलं गेलं. ते अपुरं पडू लागलं म्हणून जवळच नवं, मोठं धरण उभं राहिलं आणि १९२८ मध्ये पूर्ण झालं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या लॉइड यांच्या नावानं त्याला लॉइड धरण म्हणत. आता जलाशय येसाजी कंकांच्या नावानं ओळखला जातो, आणि हे नाव शोभतं, कारण कंकांचं भुतोंडे गाव याच पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. धरण भरत आलं की पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. बटण नाही, माणूस नाही. लेकीला हे दरवाजेच सगळ्यात आवडले. "म्हणजे धरणाला स्वतःलाच कळतं?" असं ती तीनदा विचारून झाली.

इथलं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटण, माळशिरसकडच्या उसाला जातं. खोऱ्यातली सुपीक भातखाचरं मात्र पाण्याखाली गेली आणि माणसं उतारावर सरकली. बुडालेली जमीन विसरली जात नाही, हे पाहायचं तर मे महिन्यात जावं. पाणी पार तळाला गेलं की कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं दगडी देऊळ वर येतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्यातच असतं. आम्ही गेलो तेव्हा गाळाला भेगा पडल्या होत्या, गाभाऱ्यात ओल होती आणि गावातल्या बायका घरून पाणी आणून देवळाची पायरी धूत होत्या. जो देव एवढे महिने पाण्यात असतो त्याला पुन्हा अंघोळ कशाला, असं आमच्या यांनी हळूच विचारलं. त्यातल्या एका मावशींना ते ऐकू गेलंच. "त्ये धरणाचं पाणी, ह्ये आमचं," त्या म्हणाल्या. यावर बोलायला काही उरलं नाही.

रोहिडखोरं हे माझं आवडतं, तेव्हा त्यावर जरा जास्त बोलेन.

भोरहून आंबवड्याला गेलं की झुलता पूल लागतो. १९३०च्या दशकात भोर संस्थानानं बांधलेला हा पूल जिजीसाहेबांच्या नावाचा आहे. पलीकडे गर्द झाडीत नागेश्वराचं जुनं देऊळ. पूल खरंच हलतो, आणि मुलं मुद्दाम जोरात चालून तो आणखी हलवतात. सासूबाई कठड्याची तार घट्ट धरून अर्ध्यावर थांबल्या. "आई, परत जाऊ या का?" असं विचारलं तर म्हणाल्या, "जायचं कशाला? मजा येतेय."

आंबवड्याला भोर संस्थानाचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव यांची समाधी आहे. संभाजी महाराजांच्या नंतरच्या धामधुमीत किल्ले परत मिळवणारा हा माणूस. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. शंकराजींनी शपथ घेतली होती ताराबाईंशी निष्ठेची, आणि समोर उभा राहिलेला वारस थोरल्या घरचा. शपथ मोडवेना आणि छत्रपतींच्या नातवावर शस्त्रही धरवेना. त्यांनी इथेच आयुष्य संपवलं. सहलीच्या डब्यातल्या पुऱ्या खाताना ही गोष्ट मुलांना कशी सांगायची, हा प्रश्न मला पडला. "दोघांना दिलेला शब्द एकाच वेळी पाळता येईना," एवढंच सांगितलं. लेकीला ते लगेच समजलं. शाळेत तिच्या दोन मैत्रिणींचं त्याच आठवड्यात भांडण झालं होतं.

याच खोऱ्यात कारी गाव आहे. कान्होजी जेध्यांचं. अफजलखानाच्या वेळी आदिलशाही फर्मान बाजूला ठेवून स्वराज्याकडे उभे राहिलेले हे कान्होजी. पण कारीचं आणखी एक देणं आहे, ते वर्षाला एकदा आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येतं. जेध्यांच्या घरात जपून ठेवलेली शकावली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकमान्य टिळकांच्या हाती आली. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही नोंद तीत आहे. १९ फेब्रुवारीची सुट्टी या खोऱ्यातल्या एका घराच्या कागदपत्रांवर उभी आहे, हे कळल्यापासून आमच्या लेकीचं कारीविषयीचं मत फारच चांगलं झालं.

खोऱ्याच्या टोकाला रायरेश्वर. शेवटच्या टप्प्यावर कड्याला लोखंडी शिडी आहे. तिथे सासूबाईंना खाली झाडाच्या सावलीत बसवलं, सोबतीला हे थांबले, आणि आम्ही दोघी वर गेलो. शिडी संपली की कड्याच्या माथ्यावर एकदम सपाट रान पसरतं. कित्येक किलोमीटर लांब पठार, त्यावर घरं आणि शेतं. १६४५ मध्ये बाल शिवाजीनं सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली ती इथल्या महादेवाच्या देवळात, असं परंपरा सांगते. देऊळ अगदी साधं आहे. आसपास पिढ्यान्‌पिढ्या जंगम कुटुंबं राहतात. भात, नाचणी आणि हिवाळ्यात गहू. किराणा, सिलिंडर, पत्रा, सगळं खालून पाठीवर येतं. काही वर्षांपूर्वी इथल्या एका कुटुंबानं ट्रॅक्टर घेतला, त्याचे भाग सुटे केले, माणसं लावून शिडीवरून एकेक भाग वर चढवला आणि माथ्यावर पुन्हा जोडला. मला शपथेइतकीच ही गोष्टही थोर वाटते, आणि तसं म्हटल्यावर रागावणारे लोक आहेत हेही मला माहीत आहे.

पठारावर सात रंगांची माती मिळते असं सांगतात. लेकीनं चिवटपणे शोधून पाच रंग जमवले आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थर लावले. पांढुरकी, पिवळी, तांबडी, जांभळट, तपकिरी. शिडी उतरेपर्यंत बाटली बरीच हलली, आणि आजीला दाखवायला गेली तेव्हा आत सगळी एकच गेरूसारखी माती होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर माती बघायची आठवणही होणार नाही, इतकी रानफुलं असतात. फक्त पायवाट सोडू नका. ते लोकांचं शेत असतं.

हिरडस मावळात आमची फजिती झाली. बाजीप्रभूंचं शिंद गाव याच मावळातलं, आणि घोडखिंडीत त्यांच्याबरोबर लढलेली बांदलांची फौजही इथलीच. भोरहून महाडकडे जाणारा वरंध घाट याच नीरेच्या काठाकाठानं, नीरा-देवघरच्या पाण्याला वळसा घालत वर चढतो. घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळाजवळ भज्यांच्या टपऱ्या आहेत. समोर कोकण, हातात कांदाभजी, आणि मधेच ढग येऊन सगळं पुसून टाकतो, हे चित्र डोक्यात ठेवून ऐन जुलैत निघालो. घाटाच्या अलीकडे रस्त्यावर अडथळे लावलेले. पावसाळ्यात दरडी कोसळतात म्हणून अलीकडे घाट बंद ठेवतात. निघण्यापूर्वी एक फोन केला असता तर कळलं असतं. परतताना एका वस्तीवर चहा मिळाला आणि वाटेभर भातलावणी बघत आलो. गुडघाभर चिखलात एका रांगेत वाकलेल्या बाया, डोक्यावरून घेतलेला प्लास्टिकचा कागद. इरलं आता क्वचितच दिसतं. भज्यांसाठी दिवाळीनंतर पुन्हा गेलो. ती चांगली होती, पण मनात होती तेवढी नव्हती.

गुंजण आणि कानदकडे जायचं तर चेलाडी फाट्यावरून नसरापुरात शिरायचं. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण कंडक्टरला 'वेल्हे' म्हटलं की तिकीट अजूनही मिळतं. नसरापूरचं बनेश्वर हे लहान मूल आणि म्हातारं माणूस या दोघांनाही जमणारं ठिकाण. नानासाहेब पेशव्यांच्या काळचं देऊळ, कुंडांत मासे, मागे झाडी आणि धबधबा. तिथली घंटा नीट बघा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हा आकडा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. आवाजात धर्म ओळखू येत नाही. घण्ण झालं की कबुतरं उडतात, बस.

राजगडावर गुंजवण्याकडून चोर दरवाजानं जायची पद्धत तरण्यांची. घरचे बरोबर असतील तर पाली दरवाजाची वाट बरी. लांबची आहे, पण ऐसपैस आहे, राजमार्गच तो. पाव शतक स्वराज्याची राजधानी इथे होती. १६७० मध्ये राजाराम महाराज इथेच जन्मले आणि सईबाईंनी १६५९ मध्ये प्राण सोडला तोही इथेच. राजवाड्याची जोती बघताना मला लढाया आठवत नाहीत. इथे कुणी तरी बाळंतविडे केले असतील, कुणी आजारी सुनेचं पथ्य सांभाळलं असेल, रोज एवढ्या माणसांची भाकरी थापली असेल, हेच येतं मनात. पद्मावती माचीवर एका बाईंकडे ताक प्यायलो. पहाटे खालून किटली घेऊन निघतात, माल संपला की उतरतात. आम्ही धापा टाकत होतो. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा आलाव व्हय? सवय न्हाई तुमास्नी. बसा की जरा. गड कुटं जातुय?"

तोरणा राजगडापेक्षा उंच, १४०३ मीटर, आणि चढ अंगावर येणारा. तो ह्यांनी भावाबरोबर केला. वेल्ह्याच्या बसथांब्यावर आम्ही दोघी सासू-सून वडापाव खात त्यांची वाट बघत बसलो. तासभर कुणी काही मागितलं नाही, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या लग्नाआधीच्या एका सहलीची गोष्ट सांगितली, ती मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती आणि इथे लिहिणारही नाही.

मोसे खोऱ्याविषयी थोडक्यात. वरसगाव आणि शेजारच्या आंबी नदीवरचं पानशेत, पुण्याच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते सासूबाईंनी लहानपणी पुण्यात पाहिलंय. त्या धरणाच्या काठावर जायला त्या अजून तयार होत नाहीत, आणि आम्हीही आग्रह करत नाही.

कुठल्याही खोऱ्यातून परतताना भोरला थांबायचं हे मात्र ठरलेलं. पंत सचिवांचा राजवाडा १८६९च्या सुमाराचा आहे. लाकडी खांब, मोठमोठे चौक, जरा विलायती धाटणी. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. आता वाड्यात सिनेमांची चित्रीकरणं होतात आणि तेव्हा आत सोडत नाहीत. आम्हाला आत जाता आलं ते चारपैकी एकदाच. त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण पेठेतलं खरं काम वेगळं असतं.

ते काम तांदळाचं. आंबेमोहोर घ्यायचा. दुकानदार विचारतो, "नवा देऊ का जुना, आजी?" सासूबाई मूठभर हातावर घेतात, नाकाशी नेतात, दोन दाणे दाताखाली फोडतात. "जुना पाच किलो द्या. आणि नवा एक किलो, पोरीच्या मऊ भाताला." पोर आता दहा वर्षांची आहे, मऊ भात खायचं तिचं वय केव्हाच गेलं. तो कुणासाठी असतो हे दुकानदाराला ठाऊक आहे. तो काही न बोलता किलोभर नवा वेगळ्या पिशवीत बांधून देतो.