नाही असे नाही!

मराठीच्या मास्तराने दिवाळी अंकात जंतूंवर लिहावे, हे आमच्या सौ.ला मुळीच रुचलेले नाही. "सणासुदीचे दुसरे काही सुचले नाही का?" असे तिने चकल्या पाडता पाडता विचारलेदेखील. पण दोष माझा नाही. आमची कन्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि अभ्यास मोठ्याने करते. परवा तिच्या तोंडून 'दोन नकार' हे शब्द आले आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवले. दोन नकारांचा एक होकार होतो, 'नाही असे नाही' म्हणजे 'आहे', हे मी वर्षानुवर्षे वर्गात घोकून घेत आलो. ते जंतूंच्या पुस्तकात कसे?

"बाबा, जंतू ते तुमच्या व्याकरणाच्या आधीपासून वापरताहेत," ती म्हणाली.

मग तिने जी हकीकत सांगितली, ती पॅरिसची. 1940 च्या सुमारास जाक मोनो नावाचे तरुण संशोधक सॉर्बोन विद्यापीठात जंतू वाढवीत होते. एकाच भांड्यात दोन प्रकारच्या साखरा घातल्या, तर काही जोड्यांच्या बाबतीत मोठी गंमत होई. जंतू भराभर वाढत, मग एकाएकी थांबत, आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढू लागत. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतूही असाच वागतो. ग्लुकोज आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, दोन्ही वाढली तर आधी ग्लुकोज फस्त. ते संपले की क्षणभर बावचळल्यासारखा स्वस्थ, आणि नंतर लॅक्टोजला हात. पानातला लाडू संपल्याखेरीज शेवेकडे न पाहणारी मुले घरोघरी असतातच.

प्रश्न त्या मधल्या थांबण्याचा होता. लॅक्टोज फोडायला एक खास एन्झाइम लागते. लॅक्टोज नसताना ते जंतूजवळ नावापुरतेच असते. लॅक्टोज मिळाले आणि ग्लुकोज नसले, तर ते सुमारे हजारपट होते. ती तयारी होईपर्यंतचा हा विराम! पण साखर आल्याची वर्दी जनुकापर्यंत पोचते कशी?

याचे उत्तर मिळायला वीस वर्षे लागली. मध्ये महायुद्ध होते. मोनो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत शिरले. पुढे त्यांचे सहकारी झालेले फ्रांस्वा झाकोब तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थी होते. ते 1940 मध्ये लंडनला जाऊन द गॉलच्या सैन्यात दाखल झाले. 1944 मध्ये नॉर्मंडीत ते इतके जबर जखमी झाले, की शल्यवैद्य होण्याचे स्वप्न कायमचे मिटले. पुढे पाश्चर इन्स्टिट्यूटच्या माळ्यावरच्या प्रयोगशाळेत आंद्रे ल्वॉफ यांच्या हाताखाली दोघे एकत्र आले.

मोनोंची समजूत सरळ होती. साखर येते आणि जनुकाला 'कर' म्हणते. काही बिघडलेले जंतू साखर नसतानाही एन्झाइम करीत सुटत. त्यांच्या पोटातच हा हुकूम तयार होत असावा, असे त्यांना वाटे. 1957 पासून अमेरिकेहून आलेल्या आर्थर पार्डी यांच्यासह दोघांनी ते तपासले. बिघडलेल्या जंतूत धडधाकट जंतूची जनुके शिरू दिली. एन्झाइम लगेच होऊ लागले, आणि काही वेळाने चक्क थांबले! म्हणजे धडधाकट जनुक हुकूम देणारे काही बनवीत नव्हते, ते मनाई करणारे बनवीत होते. बिघडलेल्यांत तो मनाईवालाच नव्हता. लिओ झिलार्ड या पदार्थवैज्ञानिकानेही मोनोंना हाच दुहेरी नकार सुचवला होता. मोनोंनी आपली जुनी, लाडकी कल्पना सोडून दिली. (प्राध्यापक मंडळींत हे किती अवघड असते, ते मी जाणतो.)

तर खरा प्रकार असा. लॅक्टोजच्या जनुकांच्या तोंडाशी एक प्रथिन ठाण मांडून बसते आणि काम होऊ देत नाही. लॅक्टोज आत आले की त्याचे थोडे रूपांतर होऊन ते या प्रथिनाला चिकटते. प्रथिनाची पकड सुटते आणि तीन जनुके एकदम कामाला लागतात. नकाराला नकार! झाकोब आणि मोनो यांनी 1961 मध्ये हे सविस्तर मांडले, 1965 मध्ये ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळवले, आणि ते मनाई करणारे प्रथिन प्रत्यक्ष हाती लागले 1966 मध्ये, हार्वर्डला.

"म्हणजे माझे व्याकरण बरोबर!" मी म्हणालो.

"अर्धेच," कन्या म्हणाली. मनाई उठली तरी काम रडतखडतच चालते. ते जोरात व्हायला दुसऱ्या एका प्रथिनाने टेकू द्यावा लागतो, आणि तो टेकू ग्लुकोज असताना नीट मिळत नाही. शिवाय ग्लुकोज आत येत असले, की लॅक्टोजचे दारच अडवलेले असते. मग मनाई उठवणार कोण? म्हणून दोन्ही साखरा समोर असताना जंतू लॅक्टोजकडे ढुंकून पाहत नाही.

"तुमचे 'नाही असे नाही' म्हणजे नुसते 'बघू' हो, बाबा," ती म्हणाली. "'हो' वेगळे म्हणावे लागते."

आतून सौ.ने विचारले, "चकल्या चाखणार ना?"

"हो," मी स्पष्ट म्हणालो.