ठिपक्यांचा पडदा

संगणकाच्या पडद्यावर आज आपण मराठी वाचतो, फोटो पाहतो, नकाशा मोठा करतो. माझ्या पिढीतल्या अनेकांनी पाहिलेला पहिला संगणक म्हणजे मात्र काळा पडदा आणि त्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं. त्या पडद्याला अक्षरापलीकडे काही ठाऊकच नव्हतं. ते बंधन कसं सुटलं, हे मला आज सांगायचं आहे.

तो जुना पडदा म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांसारखा कारभार. चोवीस ओळी, प्रत्येक ओळीत ऐंशी घरं. एकूण १,९२० घरं. संगणक फक्त कोणत्या घरात कोणतं अक्षर एवढंच सांगे. अक्षराचा आकार यंत्रात कायमचा कोरलेला असे. एका घराला एक बाइट, म्हणजे दोन हजारांहून कमी बाइटांत सगळा पडदा भागे. मेमरी अतिशय महाग होती, त्या दिवसांत हा हिशेब शहाणपणाचाच होता. पण जो खिळा पेटीतच नाही, तो उमटणार कसा?

१९७० साली झेरॉक्स कंपनीने कॅलिफोर्नियात पालो अल्टो इथे एक संशोधन केंद्र काढलं. त्याआधी, ९ डिसेंबर १९६८ रोजी, डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस चालवून दाखवला होता. त्यांचे काही सहकारी पुढे या केंद्रात आले. इथेच बटलर लॅम्पसन, ॲलन के आणि चक थॅकर यांच्या डोक्यातून १९७३ मध्ये ‘आल्टो’ नावाचा संगणक उतरला. एका माणसाने एकट्याने वापरायचा संगणक! आज यात नवल वाटत नाही. तेव्हा एका संगणकावर अनेकांनी पाळीपाळीने काम करायची रीत होती.

आल्टोचा पडदा कागदासारखा उभा होता. आडवे ६०६ आणि उभे ८०८ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, हे मेमरीतला एकेक बिट ठरवी. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच म्हणा ना. ठिपके ठरलेले, आकृती तुमच्या मनाची. फक्त हे ठिपके होते ४,८९,६४८. आठाने भागा: सुमारे ६१ हजार बाइट झाले. सबंध यंत्राची मेमरी होती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ निम्मी मेमरी नुसत्या पडद्यावर खर्च! शिवाय चित्र टिकवण्यासाठी ते ठिपके पुन:पुन्हा वाचावे लागत आणि प्रोसेसरचा निम्म्याहून अधिक वेळ त्यातच जाई. नाकापेक्षा मोती जड, असंच कुणीही म्हटलं असतं. मेमरी झपाट्याने स्वस्त होणार, हे या मंडळींनी गृहीत धरलं होतं. मला त्यांचं खरं धाडस वाटतं ते इथे.

मग वाटा खुल्या झाल्या. ‘ब्रॅव्हो’ या प्रोग्रॅममध्ये कागदावर छापून येईल तसाच मजकूर पडद्यावर दिसू लागला. डॅन इंगल्स यांनी ठिपक्यांचा चौकोनी तुकडा झटक्यात इकडून तिकडे हलवण्याची युक्ती काढली. एकावर एक उघडणाऱ्या खिडक्या त्यामुळेच चपळ झाल्या. १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज हे सारं पाहून गेले. ‘ॲपलने चोरी केली’ असं अनेकजण चवीने सांगतात. पण त्या भेटीच्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे शेअर घ्यायला मिळाले होते, हे सांगायचं राहून जातं. झेरॉक्सने स्वतः १९८१ मध्ये ‘स्टार’ बाजारात आणला. तो फार महाग होता. १९८४ च्या मॅकिंटॉशने मात्र ठिपक्यांचा पडदा घरोघरी पोचण्याची सुरुवात केली.

आता आपल्या लिपीकडे येऊ. ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर आधी बसते. मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, जोडाक्षरांत एक अक्षर दुसऱ्यात शिरलेलं. ऐंशी सारख्या घरांत हा संसार मावायचा कसा? म्हणून तर डॉसच्या काळात आपल्याकडे संगणकात वेगळं ‘जिस्ट’ कार्ड बसवावं लागे. त्या तंत्राचा उगम आयआयटी कानपूरमध्ये. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. ठिपक्यांच्या पडद्याला देवनागरी आणि रोमन सारखीच. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ फॉन्ट विंडोजमध्ये आला, तो अशाच पडद्यासाठी.

अर्थात ठिपके अक्षर दाखवतात, ते कोणतं आहे हे त्यांना कळत नाही. त्यासाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक हवा. १९८८ मध्ये जगातल्या सगळ्या लिपींसाठी अशा क्रमांकांचा, म्हणजे युनिकोडचा, प्रस्ताव मांडला तो जोसेफ बेकर यांनी, आणि तेही झेरॉक्सचेच. त्यात देवनागरीची मांडणी मात्र आपल्या भारतीय ‘इस्की’ प्रमाणकावरून घेतली गेली. म्हणून आजच्या मोबाइलमध्येसुद्धा क, ख, ग, घ हे शाळेतल्या तक्त्याच्याच क्रमाने बसलेले आहेत.