गुरु दूर असतां : लीड गिटारचें अध्ययन

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. त्यांच्या नातवानें दोन वर्षें हौसेनें वाजविलेली इलेक्ट्रिक गिटार माळ्यावर टाकून दिली होती. कारण विचारतां तो म्हणाला, “आजोबा, मोठ्या वादकांचे सारे स्वर मला पाठ आहेत, पण माझ्या हातून तें गाणें होत नाहीं.” वडिलांचें मत याहून कठोर होतें : परक्याची नक्कल करून कोठें कला येते काय?

आमच्या मतें येथें पितापुत्र दोघेहि चुकतात. नक्कल ही विद्येची पहिली पायरी आहे. मात्र नक्कल कशाची करावयाची, हें कळलें पाहिजे.

रॉक संगीतांत रिदम गिटार साथ धरते आणि लीड गिटार गायकाप्रमाणें स्वतंत्र गाते. या गायनाची परंपरा पाहावी. अमेरिकेंतील बी. बी. किंग (१९२५–२०१५) हे ब्लूज संप्रदायाचे; परंतु रॉक वादकांना गुरुस्थानीं. त्यांचे आप्त बुका व्हाइट तारेवर नळी फिरवून वाजवीत. ती विद्या किंग यांना साधेना. तेव्हां तोच कंप नुसत्या बोटांनीं काढण्याची त्यांनीं खटपट केली, आणि त्यांतूनच त्यांचें प्रसिद्ध स्वरांदोलन जन्मास आलें. इंग्लंडांत एरिक क्लॅप्टन यांनीं ब्लूज वादकांच्या ध्वनिमुद्रिकांवरून अभ्यास केला. जॉन मेयॉल यांच्या वृंदाबरोबर १९६६ सालीं निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेंत फ्रेडी किंग यांची ‘हाइडअवे’ ही रचनाच आहे. पुढें एडी व्हॅन हॅलन (१९५५–२०२०) यांनीं क्लॅप्टन यांचे ‘क्रीम’ वृंदांतील तुकडे स्वरन् स्वर पाठ केले. पण १९७८ सालच्या ‘इरप्शन’मध्यें ते उजव्या हाताचीं बोटेंहि दांडीवर आपटून वाजवितात, तेथें क्लॅप्टन शोधूनहि सांपडत नाहींत. तिघांनींहि नक्कल केली; एकहि नकल्या राहिला नाहीं.

तेव्हां विद्यार्थ्यानें एका वेळीं एकच वादक व त्याचा एकच गुण घ्यावा. चार-पांच स्वरांचा तुकडा निवडावा. तो प्रथम तोंडानें गावा. जें गातां येत नाहीं तें ऐकलेंच नाहीं, असें समजावें. आतां स्वर न बदलतां गति मंद करण्याची यांत्रिक सोय आहे. तिचा लाभ घ्यावा.

तार ओढून स्वर चढविणें, ज्याला बेंडिंग म्हणतात, ती आपल्या सतारीवरील मींडच होय. तेथें डोळ्यांवर विसंबूं नये. दोन पडदे पुढचा स्वर आधीं वाजवून कानांत ठेवावा. मग मागच्या पडद्यावरून तार ओढून नेमका तोच स्वर गांठावा. एका बोटानें जोर न करतां मागच्या बोटांचा आधार द्यावा. नंतर त्याच तुकड्याची पट्टी बदलावी, एखादा स्वर गाळावा, मध्यें विश्रांति ठेवावी. किंग गातांना वाजवीत नसत. गाणें थांबलें कीं गिटार उत्तर देई. हा संवाद सोडून केवळ वेग उचलणें म्हणजे अर्थ न कळतां शब्दरूपें घोकणें होय.

एकलव्यापुढें मातीची मूर्ति होती. या मुलांपुढें ध्वनिमुद्रिका आहेत. सुदैवानें हे गुरु अंगठा मागत नाहींत. ते फक्त कान मागतात. आणि घरच्या वडील मंडळींकडून थोडा धीर. स्नेह्यांनीं ती गिटार माळ्यावरून उतरविली आहे, हें कळविण्यास आम्हांस आनंद वाटतो.