वंध्यत्व उपचारांची फेलोशिप : फी भरण्याआधी हा हिशेब मांडा

इंदूर : बुऱ्हाणपूरच्या ओळखीच्या काकांचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, पोरगी इंदूरला एमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, गायनॅकला. आता आयव्हीएफची फेलोशिप करायची म्हणते. एका ठिकाणाहून निरोप आलाय, चार महिन्यांत सर्टिफिकेट देतो म्हणे. फी बरीच आहे. भरू का?"

मी बी.कॉम. झालेला माणूस, डॉक्टरकीतलं मला काय कळणार? पण पैसे देण्याआधी पावती कशाची मिळणार हे विचारायची सवय आहे. म्हणून नियम काढून वाचले, दोन-चार डॉक्टरांना विचारलं. आपल्या भागातली अशी बरीच मुलंमुली आज एमएस, डीएनबी करतायत. त्यांच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सगळं इथे मांडतोय.

शब्द एक, माल वेगवेगळा

पहिला घोळ 'फेलोशिप' या शब्दातच आहे. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एमडी, एमएस किंवा डीएनबी झाल्यावर पुढे साधारण चार वाटा फुटतात.

पहिली, डीएम किंवा एमसीएच. ही फेलोशिप नाही, पूर्ण सुपरस्पेशालिटी पदवी आहे. मुदत ३ वर्षं. प्रवेश 'नीट-एसएस' या परीक्षेतून. दिल्लीच्या एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी 'आयएनआय-एसएस' ही वेगळी परीक्षा, ती वर्षातून दोनदा होते.

दुसरी, एफएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप. मुदत २ वर्षं. तिची प्रवेश परीक्षा 'एफईटी', मुलं तिला 'फेट' म्हणतात. बऱ्याच जागा खासगी रुग्णालयांत आहेत, पण प्रवेश मंडळाच्याच गुणवत्ता यादीतून होतो आणि शिकताना विद्यावेतन मिळतं.

तिसरी, विद्यापीठांची फेलोशिप. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असे फेलोशिप अभ्यासक्रम चालवतं.

चौथी, रुग्णालयं आणि डॉक्टरांच्या संघटना देतात ती प्रमाणपत्रं. काही आठवड्यांची, काही महिन्यांची. त्यांतली काही चांगली असतात, काही नुसती भिंतीवर लावायला. काकांना आलेला निरोप या चौथ्या प्रकारातला होता.

कायदा बघतो तुमचे हात

पूर्वी या क्षेत्रात शिकायची धड वाटच नव्हती. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या बाळानंतर जेमतेम ७० दिवसांनी. पण सरकारी समितीने त्यांचा दावा मान्य केला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असं बाळ जन्मलं. परळच्याच संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार या कामात बरोबर होते. त्यांनीच नंतर मुखर्जींचे कागद तपासून पहिलेपणाचा मान मुखर्जींचा असल्याचं जाहीरपणे सांगितलं.

आता मात्र कायदा आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ चा, लागू झाला जानेवारी २०२२ मध्ये, आणि नियम आले त्याच वर्षी जूनमध्ये. त्यात केंद्रांचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर तपासण्या आणि आययूआयपर्यंतचे उपचार. आयव्हीएफ करायचं तर दुसरा स्तर लागतो.

या दुसऱ्या स्तरावरच्या स्त्रीरोगतज्ज्ञासाठी नियमात ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक, पदव्युत्तर पदवी आणि प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्त्रीबीज बाहेर काढण्याच्या ५० प्रक्रिया केल्याची नोंद. दुसरा, त्या पदवीवर डीएम किंवा फेलोशिप, आणि अशा केंद्रात देखरेखीखाली किमान ३ वर्षं काम.

म्हणजे नुसतं सर्टिफिकेट असून भागत नाही. ५० वेळा सुई स्वतःच्या हातात होती का, आणि तशी नोंद कोण सही करून देणार, हा खरा प्रश्न. चार महिने मागे उभं राहून पाहिलं तर ते 'बघणं' झालं, 'करणं' नाही.

अर्ज कसा बांधायचा

नीट-एसएस आणि फेट या दोन्ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं. नीट-एसएसचं समुपदेशन दिल्लीची एमसीसी करते, फेटचं मंडळ स्वतः करतं. परीक्षा वेगळ्या, फॉर्म वेगळे, तारखाही वेगळ्या. एक भरला की दुसरा आपोआप भरला जात नाही. ठरावीक तारखेच्या आत एमएस पूर्ण होतंय का, हे माहितीपत्रकात आधी बघून घ्या.

विद्यापीठाच्या आणि रुग्णालयांच्या जागांवर मुलाखतीला वजन असतं. त्याची तयारी एमएसच्या पहिल्याच वर्षी सुरू होते. प्रबंध तर सगळ्यांनाच लिहावा लागतो, मग विषय वंध्यत्वातला घेतला तर तोच कामी येतो. सोनोग्राफी, आययूआय, दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया यांची रोजची नोंदवही नीट ठेवा. शिफारसपत्र अशा सरांकडून किंवा मॅडमकडून घ्या, ज्यांनी तुमचं काम खरंच पाहिलंय.

अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या सांगण्यावरून तिकडे बघणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे ४ वर्षांची स्त्रीरोग रेसिडेन्सी आणि तिच्यावर ३ वर्षांची फेलोशिप असा क्रम आहे. इथल्या एमएसवर ती रेसिडेन्सी टळत नाही, पुन्हा करावी लागते.

सीमेवरच्यांनी काय बघायचं

आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न : डोमिसाइल मध्य प्रदेशचं, आजोळ जळगावचं, मग जागा कुठून? फेटच्या जागा अखिल भारतीय गुणवत्तेवर भरतात, त्यामुळे इथे डोमिसाइल आडवं येत नाही. एमएसच्या प्रवेशापुरतंही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलंय.

अडचण येते ती दोन ठिकाणी. एक, बाँड. एमएस ज्या राज्यात केलं तिथली सेवा बाकी असेल तर मूळ कागदपत्रं बऱ्याचदा कॉलेजातच अडकतात. प्रवेशाच्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा ना हरकत पत्राचं आधी विचारून ठेवा. दोन, नोंदणी. मध्य प्रदेशच्या वैद्यकीय परिषदेत नाव असलेल्या डॉक्टरने महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर तिथल्या परिषदेत नोंदणी करावी लागते. आपली फेलोशिप तिथे जादा पात्रता म्हणून चढेल का, हे प्रवेशाआधीच लेखी विचारा.

वर्षांचा जमाखर्च

अठराव्या वर्षी एमबीबीएस. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. एमएस ३, बाँड १, एफएनबी २. एकही वर्ष वाया गेलं नाही तरी मुलगी साडेएकोणतिशीत बाहेर पडते. प्रवेश परीक्षांच्या तयारीत एक-दोन वर्षं जातातच, म्हणजे तिशी ओलांडते. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने कमी होते, हे ती रोज रुग्णांना समजावते, आणि तिचं स्वतःचं घड्याळही तेवढंच पुढे सरकत असतं. लग्न, मूल की फेलोशिप, यावर घरात भांडणं होतात. ती आधीच मोकळेपणाने बोलून घेतलेली बरी.

स्वतःचं केंद्र काढायचं तर खर्च आणखी वेगळा. दुसऱ्या स्तराच्या नोंदणीचीच फी २ लाख रुपये. प्रयोगशाळा आणि भ्रूणतज्ज्ञ हा खर्च त्यावर.

काकांचं काय झालं?

मी काकांना तीन प्रश्न लिहून दिले. प्रमाणपत्रावर सही कोणाची? किती प्रक्रिया मुलीच्या स्वतःच्या हातून होणार? त्याची नोंद लेखी देणार का? मुलीने फोन करून विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, बघायला भरपूर मिळेल."

फी भरली नाही. पोरगी आता फेटच्या अभ्यासाला बसली आहे.

आणि हे तीन प्रश्न फक्त डॉक्टरांच्या घरच्यांसाठीच नाहीत. मूल होत नाही म्हणून दागिने मोडून आपली माणसं इंदूर, नाशिक, पुणे गाठतात. बोर्डावर 'फेलो' लिहिलेलं दिसलं तर कुठली फेलोशिप, आणि केंद्राची नोंदणी कोणत्या स्तराची, हे खुशाल विचारा. विचारण्यात कसला आलाय संकोच? पैसे आपले आहेत, आणि वयाची वर्षंही.